वादळानंतर घर पुन्हा उभं करताना: फ्लोरिडात कुठल्या नियमांना ढील मिळते, कुठल्यांना नाही

हेलीन वादळ 26 सप्टेंबर 2024 च्या रात्री किनाऱ्याला लागलं ते पेरी गावाजवळ, आमच्या पिनेलस काउंटीपासून दोनशे किलोमीटरहून लांब. वाऱ्याचं आम्हाला फारसं काही वाटलं नाही. पाणी मात्र आलं. गल्लीतून, गटारातून, दाराच्या फटीतून, आणि पहाटेपर्यंत दिवाणखान्यात गुडघाभर झालं. ते ओसरल्यावर भिंती फोडून, सगळा ओला संसार रस्त्याच्या कडेला मांडून जरा टेकतोय तोवर तेराव्या दिवशी, 9 ऑक्टोबरला, मिल्टन वादळ सिएस्टा की या बेटाजवळ धडकलं. कडेला रचलेले गाद्या-कपाटांचे ढीग अजून उचललेही नव्हते.

त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप गटावर एक निरोप फिरत होता: "गव्हर्नरनी नियम शिथिल केलेत, आता परमिट लागत नाही." हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं न वाचल्यामुळे ओळखीतली दोन-तीन कुटुंबं पुढे वर्षभर निस्तरत बसली. फ्लोरिडात नव्याने घर घेतलेल्या, पहिलंच वादळ बघणाऱ्या मंडळींसाठी हा लेख आहे. काय करायचं ते क्रमाने सांगते.

आधी बघा, नियम कोणाचा आहे

इथे घरावर तीन सरकारांचा हात असतो. परमिट देणारं आणि इन्स्पेक्टर पाठवणारं तुमचं शहर किंवा काउंटी. बांधकाम कसं असावं हे ठरवणारं राज्य: 1992 च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू वादळाने मायामीच्या दक्षिणेकडची हजारो घरं भुईसपाट केली, त्यानंतर गावोगावचे वेगळे नियम मोडीत काढून सगळ्या राज्याला एकच फ्लोरिडा बिल्डिंग कोड आला, तो 2002 पासून लागू आहे. आणि तिसरं केंद्र सरकार, म्हणजे त्याची आपत्ती-व्यवस्थापन संस्था फेमा, जी पुराचा विमा चालवते.

गव्हर्नर आणीबाणी जाहीर करतात ती राज्याच्या कायद्याच्या 252 व्या प्रकरणाखाली. एका आदेशाची मुदत जास्तीत जास्त 60 दिवस, मग हवी तर वाढवून घ्यायची. या आदेशाने ते राज्याच्या कारभारातले, कार्यपद्धतीचे नियम तात्पुरते बाजूला ठेवू शकतात. बिल्डिंग कोड त्याने रद्द होत नाही. केंद्राच्या पूरनियमाला तर गव्हर्नर हातच लावू शकत नाहीत. आमच्या गटातला सगळा गोंधळ इथूनच सुरू झाला. "शिथिल" हा शब्द ऐकला, आणि कोणी, काय शिथिल केलं हे विचारायचं राहून गेलं.

म्हणून व्हॉट्सॲपवर असा निरोप आला की आदेशाचा क्रमांक मागा. तो नसेल तर निरोप पुढे ढकलू नका.

पहिले दोन दिवस: आधी फोटो, मग फावडं

घरात शिरल्यावर आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे फोटो घ्या, मोजपट्टी शेजारी धरून. प्रत्येक खोली, प्रत्येक यंत्राची मागची पट्टी, मॉडेल नंबर दिसेल असा. माझं माहेर श्रीवर्धनचं. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळात आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या तेव्हा घरचे सगळे तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट बघत थांबले होते, झाड हलवायचं नाही म्हणून. इथे तसं थांबायचं नसतं. दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, विमावाले "नुकसान वाढू दिलंत" म्हणायला मोकळे. त्यामुळे पंचनामा आपला आपणच करायचा. कार्पेट टाकण्याआधी त्याचा एक तुकडा कापून पिशवीत ठेवा.

ओला गालिचा काढणं, भिंतीचं भिजलेलं ड्रायवॉल (जिप्समचे पत्रे) कापून टाकणं, पंखे लावून वाळवणं, छपरावर ताडपत्री बांधणं, एवढ्याला बहुतेक ठिकाणी परमिट लागत नाही. नवीन ड्रायवॉल लावायचं म्हटलं, विजेचं वायरिंग, वॉटर हीटर किंवा एसी बदलायचा म्हटला की परमिट आलंच. "तोडायला नको, जोडायला हवं" असं आमच्या इथला एक इन्स्पेक्टर म्हणाला होता. मी ते फ्रिजवर चिकटवून ठेवलंय, म्हणजे नव्या फ्रिजवर.

कचरा कडेला ठेवताना वेगवेगळे ढीग करा: झाडपाला, बांधकामाचा मलबा, फ्रिज-वॉशिंग मशीन, इलेक्ट्रॉनिक वस्तू, रंग आणि रसायनं. पाण्याचा मीटर, फायर हायड्रंट आणि झाडाच्या फांद्या यांपासून दूर ठेवा, कारण ट्रकच्या पंजाला वर जागा लागते. सगळं एकत्र टाकलेलं दिसलं की ट्रक पुढे निघून जातो. राज्य शिथिल करतं त्या पर्यावरण नियमांत ही गोष्ट ठळक असते: मलबा तात्पुरता साठवायला एरवी मोठ्या परवानग्या लागतात, वादळानंतर पर्यावरण खात्याच्या आणीबाणी आदेशाने शहरांना मोकळी जागा निवडून लगेच तळ उभा करता येतो. हा फायदा शहराचा. तुम्ही आपल्या परसात गाद्या जाळायला मोकळे झालात असा त्याचा अर्थ नाही, हे सांगावं लागतंय कारण एकाने जाळल्या.

पन्नास टक्क्यांचा काटा

बाकी काही वाचलं नाहीत तरी हे वाचा.

तुमचं घर पूरक्षेत्रात असेल आणि दुरुस्तीचा खर्च नुकसानीआधीच्या इमारतीच्या बाजारभावाच्या 50 टक्के किंवा त्याहून जास्त भरत असेल, तर त्या घराचं "मोठं नुकसान" झालंय असं धरलं जातं. मग नुसती दुरुस्ती चालत नाही, सगळं घर आजच्या पूरनियमात बसवावं लागतं. म्हणजे राहत्या मजल्याची फरशी पूरपातळीच्या वर, फ्लोरिडाच्या कोडप्रमाणे आणखी किमान एक फूट वर. जमिनीलगत बांधलेल्या 1960 च्या सुमाराच्या घराला याचा अर्थ एकच: अख्खं घर जॅकवर उचला, नाहीतर पाडून नवीन बांधा.

बाजारभाव इमारतीचा, जागेचा नाही. नवीन लोक इथेच फसतात. समजा, घर तुम्ही 5,20,000 डॉलरला घेतलंत. पाण्याजवळची जागा म्हणजे त्यातली निम्म्याहून जास्त किंमत जमिनीचीच. काउंटीच्या नोंदीत इमारत 1,80,000 ची निघते. मग तुमचा काटा 90,000 वर आहे, 2,60,000 वर नाही. स्वयंपाकघर, दोन बाथरूम, फरशी, वायरिंग आणि एसी धरले की 90,000 कधी ओलांडले ते कळतही नाही.

खर्चात काय मोजतात? साहित्य आणि मजुरी, तीही बाजारभावाने. तुम्ही स्वतः फरशी बसवलीत, किंवा मंडळाची पोरं शनिवार-रविवार येऊन भिंती लावून गेली, तरी त्या श्रमाची किंमत धरावी लागते. कोणी फुकट दिलेल्या सामानाचीही. मलबा उचलणं, साफसफाई, नकाशे, सर्वेक्षण, परमिटची फी, कुंपण, बागेतली शेड मात्र मोजत नाहीत. हे वेगळं काढून दाखवलं की आकडा खाली येतो, आणि तो खाली आणणं हे कायदेशीर काम आहे. लपवणं बेकायदेशीर.

काउंटीने ठरवलेली इमारतीची किंमत कमी वाटत असेल तर परवानाधारक मूल्यांकनकाराकडून नुकसानीआधीच्या तारखेचं मूल्यांकन करून घेता येतं. आम्ही ते केलं. साडेपाचशे डॉलर गेले आणि इमारतीचा आकडा इतका वर गेला की आम्ही काट्याखाली आलो. शेजारच्या आजींचं नाही जमलं. त्यांचं घर 1957 चं, तीन पिढ्यांचं. आता तिथे मोकळा प्लॉट आहे.

"मोठं नुकसान" सांगणारं पत्र आलं की लोक ते खणात टाकतात. तसं करू नका. पुराचा विमा असेल तर याच पत्राच्या जोरावर घर उचलायला किंवा पाडायला 30,000 डॉलरपर्यंत वेगळी रक्कम मिळते. घर उचलायला त्याच्या कितीतरी पट लागतात हे खरं, पण पत्राशिवाय तेही नाही. विमा घेताना एजंट याबद्दल बोलत नाही, तुम्हीच विचारा.

हा काटा चुकवायला परमिटशिवाय काम उरकण्याचा मोह होतो. त्याचं काय होतं ते लोकांनी इयान वादळानंतर पाहिलं. इयान 28 सप्टेंबर 2022 ला ली काउंटीत आलं. 2024 च्या वसंतात फेमाने ली काउंटी आणि तिच्यातल्या चार गावांना कळवलं की विनापरमिट कामं फार झालीत, नोंदी नाहीत, तेव्हा तुमच्या रहिवाशांना पूरविम्यावर मिळणारी 25 टक्के सूट काढून घेतो. बहुतेकांनी कागद सादर करून सूट वाचवली. फोर्ट मायर्स बीच मात्र त्या नोव्हेंबरात प्रोबेशनवर, म्हणजे ताकीद मिळून देखरेखीखाली, गेलं. चुकवणारे थोडे होते, वाढीव हप्ता मात्र सगळ्या गावावर आला. त्यामुळे तुमच्या घरासमोर लाल स्टिकर लावणाऱ्या इन्स्पेक्टरवर चिडू नका. त्याच्या मानगुटीवर फेमा बसलेली असते.

राज्याची ढील खरी कामाला येते ती इथे

सगळ्यात मोलाची सवलत मुदतीची. तुमच्या हातात आधीच एखादं परमिट असेल, समजा मागची खोली वाढवत होतात, आणि मध्येच आणीबाणी जाहीर झाली, तर आणीबाणी चालू असेतोवर त्या परमिटचं घड्याळ थांबतं, आणि त्यावर आणखी 24 महिने मिळतात. पूर्वी हे सहा महिने होते, 2023 मध्ये वाढवले. पण हे आपोआप होत नाही. आणीबाणी संपल्यापासून 90 दिवसांच्या आत परमिट देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवावं लागतं. दोन ओळींचं पत्र, परमिटचा क्रमांक, आणीबाणी आदेशाचा क्रमांक, पोचपावती. हे 90 दिवस भल्याभल्यांचे हुकतात, कारण तेव्हा सगळे भिंतींचा रंग निवडण्यात गुंतलेले असतात.

दुसरी सवलत राहण्याची. एरवी अंगणात आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, लावून राहायला शहरं मनाई करतात. वादळात घर राहण्याजोगं उरलं नसेल तर आता आपल्याच जागेत तात्पुरत्या निवाऱ्यात 36 महिन्यांपर्यंत, किंवा घराला राहण्याचा दाखला मिळेपर्यंत, राहता येतं. अटी साध्या आहेत: घर बांधायचा खरा प्रयत्न चालू असावा (परमिटचा अर्ज, कॉन्ट्रॅक्टरचं पत्र वगैरे दाखवता यावं), निवाऱ्याला पाणी-वीज असावी, त्यापासून कोणाला धोका नसावा, आणि तिथे तुम्ही स्वतःच राहावं. भाड्याने द्यायचा नाही.

छपराचंही एक सांगते. जुना नियम असा होता की छपराच्या एका भागाचा 25 टक्क्यांहून जास्त हिस्सा बदलायचा झाला तर तो सगळा भाग नव्या कोडप्रमाणे करा. यावरून विमा कंपन्या आणि छप्परवाले यांची वर्षानुवर्षं जुंपली होती. 2022 पासून, छप्पर 2007 च्या किंवा नंतरच्या कोडप्रमाणे बांधलेलं असेल तर मोडलेला तुकडा तेवढा बदलला तरी चालतो. दाराशी येऊन "पूर्ण छप्पर बदलावंच लागेल, कायदा आहे" म्हणणाऱ्या माणसाला तुमच्या छपराच्या परमिटचं साल विचारा. त्याला माहीत नसेल तर चहासुद्धा देऊ नका.

2025 च्या जूनमध्ये आणखी एक कायदा झाला, इथे सगळे त्याला सिनेट बिल 180 म्हणूनच ओळखतात. त्यात घरमालकांच्या सोयीच्या काही गोष्टी आहेत: वादळानंतर 180 दिवस परमिट आणि इन्स्पेक्शनची फी वाढवायची नाही; आणि मागच्या काही वर्षांतल्या दुरुस्त्यांची बेरीज करून 50 टक्के मोजायची काही गावांची पद्धत बंद. मिल्टननंतरची दुरुस्ती हेलीनच्या दुरुस्तीत मिळवली तर कोणाचंच घर वाचलं नसतं, त्यामुळे हे मला पटतं.

याच कायद्यात दुसरं एक कलम आहे, ते मला खटकतं. 1 ऑक्टोबर 2027 पर्यंत राज्यातल्या कुठल्याही शहराने किंवा काउंटीने जमीनविकासाचे नियम "अधिक कडक किंवा जाचक" करायचे नाहीत, आणि हे मागे जाऊन 1 ऑगस्ट 2024 पासून लागू. म्हणजे तुमच्या गावाने वादळातून शहाणपण घेऊन पाणथळ जागेपासून बांधकाम आणखी लांब ठेवायचं ठरवलं, तरी कोणीही बिल्डर कोर्टात जाऊन ते रद्द करून घेऊ शकतो. वीसहून जास्त शहरं आणि काउंट्यांनी मिळून या कलमाविरुद्ध राज्याला कोर्टात खेचलं आहे. घर सावरण्याच्या नावाखाली मोकळ्या प्लॉटवरची टॉवरं सोपी झाली, असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकेल. पण घर घ्यायच्या विचारात असाल तर शेजारच्या रिकाम्या जागेवर काय मंजूर झालंय ते आधी बघा, "पुढे नियम कडक होतील" या भरवशावर राहू नका.

घर पाण्याला लागून असेल तर

कोकणात समुद्रालगत वाडी असलेल्यांना सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, कळतात. इथे वाळूच्या किनाऱ्याला तशीच एक रेषा आहे, तिच्या समुद्राकडच्या बाजूला काही करायचं तर राज्याच्या पर्यावरण खात्याचं वेगळं परमिट लागतं. वादळानंतर खातं आणीबाणी आदेश काढतं, आणि त्या मुदतीत बरंच काही सोपं होतं: मोडलेला धक्का किंवा सीवॉल त्याच जागी, त्याच मापाची पुन्हा बांधणं; घराचा पाया उघडा पडला असेल तर वाळू टाकणं किंवा तात्पुरती भिंत घालणं.

"त्याच जागी, त्याच मापाची" या शब्दांवर बोट ठेवा. धक्का आता बांधतोच आहोत तर चार फूट लांब करू, बोटीची लिफ्ट घालू, असं मनात आलं की ती सवलत गेली, नेहमीच्या रांगेत उभं राहायचं. जुन्या धक्क्याचं माप कशावरून दाखवणार? जुनं परमिट, सर्व्हे, नाहीतर उपग्रहाचं छायाचित्र. तात्पुरती भिंत घातलीत तर 60 दिवसांत ती काढायची, नाहीतर कायमच्या परमिटचा अर्ज करायचा. लोक ती विसरतात आणि पुढच्या उन्हाळ्यात नोटीस येते.

आणीबाणी आदेश राज्याच्या परवानगीपुरता असतो. खाडीत काम करायचं तर केंद्राच्या आर्मी कोअरचं, म्हणजे लष्कराच्या अभियंता खात्याचं, काय ते वेगळं विचारावं लागतं. तिवरं (खारफुटी) तोडायची नाहीत, ती 1996 च्या कायद्याने राखलेली आहेत, वादळाने वाकलेली असली तरी. आणि कासवांचा विणीचा हंगाम आमच्या आखाती बाजूला मेपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत असतो, नेमका वादळांच्याच दिवसांत. वाळूवर यंत्र न्यायच्या आधी घरट्यांची पाहणी झाली पाहिजे, रात्री दिवे नकोत. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

कॉन्ट्रॅक्टर

राज्याच्या परवाना खात्याच्या संकेतस्थळावर परवाना क्रमांक घालून बघा, नाव जुळतं का, विमा आहे का. आणीबाणीच्या काळात विनापरवाना ठेकेदारी करणं इथे फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, साधा दंड नाही. तरी दुसऱ्या राज्यांतून ट्रक भरून माणसं येतातच.

आगाऊ रक्कम 10 टक्क्यांच्या वर घेतली तर कॉन्ट्रॅक्टरने 30 दिवसांत परमिटचा अर्ज करायला हवा आणि परमिट मिळाल्यावर 90 दिवसांत काम सुरू करायला हवं. आम्ही ज्याला पहिले पैसे दिले त्याने दोन्ही केलं नाही. तीन महिने "मटेरियल यायचंय" ऐकलं. मग या नियमाचा हवाला देऊन रजिस्टर्ड पत्र टाकलं आणि निम्मे पैसे परत आले. निम्मे अजून यायचे आहेत.

"परमिट तुमच्या नावावर काढा, स्वस्त पडेल" असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ सगळी जबाबदारी तुमची. आणि 2023 पासूनच्या घरविमा पॉलिसीत दाव्याचे हक्क कॉन्ट्रॅक्टरच्या नावे लिहून देता येत नाहीत, तेव्हा तसा कागद पुढे केला की दार लावा. वाऱ्याच्या नुकसानीचा दावा एका वर्षात, राहून गेलेल्याची पुरवणी 18 महिन्यांत. पुराच्या दाव्याचा शपथेवरचा कागद त्याहून फार लवकर, 60 दिवसांत. कधीकधी फेमा ती मुदत वाढवते, पण वाढवेल असं धरून चालू नका.

शेवटचं इन्स्पेक्शन

काम झालं, पाहुणे जेवून गेले, आणि परमिट उघडंच राहिलं, असं फार घरांचं होतं. फायनल इन्स्पेक्शन मागवून परमिट बंद करून घ्या, शहराच्या पोर्टलवर "बंद" दिसेपर्यंत कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता देऊ नका. त्याच्याकडून आणि त्याच्या हाताखालच्या मिस्त्री-प्लंबरांकडून पैसे पोचल्याचं, घरावर बोजा नसल्याचं लेखी घ्या. घर उचललं असेल तर नवं एलेव्हेशन सर्टिफिकेट (घराच्या उंचीचा दाखला) काढून विमा एजंटला पाठवा, हप्ता बदलतो.

मग सगळ्या कागदांची एक प्रत भारतात भावाकडे किंवा बहिणीकडे मेलने पाठवून ठेवा. आमची फाइल होती कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात.